न केलेली अभिक्रिया

खांद्यावर शाल पडली तेव्हा शरयू टिपणीसच्या पर्समधला फोन तिसऱ्यांदा थरथरला. समोर दीडशे माणसं, शेजारी माइकवर डॉ. हृषीकेश वालावलकर आणि हातात नारळ. सत्काराच्या नारळाचं काय करायचं हे भल्याभल्यांना कळत नाही, तिथे फोन कसला घेणार. ती नुसती उभी राहिली आणि हसली.

"पारखी सहजासहजी कुणावर विश्वास ठेवत नाही," हृषीकेश सांगत होता. "तिनं साठ प्रयोगशाळांच्या वह्या वाचल्यात. अकरा लाख नोंदी. तिच्या लेखी माझा भरवसा एकाहत्तर टक्के आहे, आणि मी या कुंडलिका केंद्राचा संचालक आहे." लोक हसले. "शरयूताईंचा भरवसा अठ्ठ्याण्णव. देशात पहिला. ताईंनी वहीत लिहिलं, म्हणजे तसंच झालं असणार. पारखी ते पुन्हा तपासतसुद्धा नाही."

टाळ्या पडल्या. शरयूला त्या टाळ्या नकोशा वाटल्या, पण त्याचं कारण तिला वाटला तो फोन.

पारखी हे यंत्र काय आहे ते इथंच सांगितलेलं बरं. दोन हजार एक्केचाळीस सालापर्यंत नवं औषध शोधायला माणसानं बाटल्या हलवत बसायची गरज उरली नव्हती. आजाराची माहिती द्यायची, पारखी हजारो रेणूंची कल्पना करायची, त्यातले कोणते प्रत्यक्षात बनतील याचा अंदाज बांधायची आणि तिचे यांत्रिक हात ते बनवून टाकायचे. ती हे शिकली जुन्या रसायनज्ञांच्या वह्यांमधून. आता वह्या म्हटल्या की थापा आल्याच. फसलेला प्रयोग कुणी लिहीत नाही, साठ टक्के उत्पादन मिळालं की सत्तर लिहितात. म्हणून पारखीनं प्रत्येकाच्या काही नोंदी स्वतः करून पाहिल्या आणि प्रत्येकाला भरवशाचा एक आकडा दिला. ज्याचा आकडा मोठा, त्याचं म्हणणं ब्रह्मवाक्य.

सभागृहाबाहेर येऊन तिनं फोन लावला. पनवेलच्या इस्पितळातून डॉ. नसीमा परकार बोलत होत्या. "टिपणीसबाई, तिसरं औषधही लागू पडलेलं नाही. तुम्ही येऊ शकाल का?"

शरयूनं नारळ वॉचमनच्या टेबलावर ठेवला आणि ती पार्किंगकडे जवळजवळ पळतच निघाली.

तिचा नवरा मेघश्याम भूमापन खात्यातून निवृत्त झाला होता. पासष्ट वर्षांचा, काटक, स्वस्थ न बसणारा माणूस. सोसायटीच्या पालापाचोळ्याचं खत करायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं आणि रोज सकाळी तो फावड्यानं ते ढीग वरखाली करू लागला. ढिगात बुरशी असतेच. पण ही बुरशी साधी नव्हती. वर्षानुवर्षं द्राक्षांवर, फुलांवर बुरशीनाशकं मारली गेली, आणि माणसांसाठीची औषधंही त्याच कुळातली. शेतातच सराव होऊन तयार झालेली ती बुरशी मेघश्यामच्या फुप्फुसात जाऊन बसली होती.

"आम्ही पारखीला विचारलं," डॉ. परकार म्हणाल्या. "तिनं चार रेणू दिले. त्यांची बुरशी बशीत वाढवून तिच्यावर टाकले, चारही फसले. माझा अंदाज आहे, आपल्या हातात आठ दिवस आहेत. फार तर नऊ."

"आणखी काही सुचवत नाही ती?"

"नाही म्हणते. तुम्ही त्यातल्या आहात, तुम्हीच बघा."

त्यांनी पडदा शरयूकडे वळवला. पारखी आपला विचार नकाशासारखा दाखवायची. हिरवे तुकडे म्हणजे बनवून पाहिलेले रेणू, पिवळे म्हणजे बनतील असे, आणि राखाडी म्हणजे जिथं जाण्यात अर्थ नाही असे. मेघश्यामच्या खात्याच्या भाषेत पडीक. बुरशीच्या नकाशात मधोमध एक मोठा पडीक तुकडा होता. चाळीस हजार रेणू असतील, सगळे एकाच अभिक्रियेतून पुढे बनणारे. शरयूनं त्यावर बोट ठेवलं.

"अभिक्रिया होत नाही. काळा चिकटा मिळतो. श. प्रधान, वही १७, पान ८८. दि. १६-२-२००८. भरवसा ९८."

श. प्रधान म्हणजे तीच, लग्नाआधीची. तिला ते पान आठवलं. न आठवायला काय झालं? आयुष्यात तेवढं एकच खोटं पान तिनं लिहिलं होतं.

"काही सापडलं?" डॉ. परकारांनी विचारलं.

"बघते," शरयू म्हणाली आणि तिनं पडदा पुन्हा त्यांच्याकडे वळवला.

काचेपलीकडे मेघश्याम मुखवटा लावून पडला होता. तिला पाहून त्यानं हात उचलला आणि शाल कुठाय, अशी खूण केली. शाल ती गाडीतच विसरली होती.

परतीच्या वाटेवर तिला गाडीत बसवेना. पेणजवळ चहाला म्हणून ती थांबली, चहा तसाच ठेवला आणि रस्त्याच्या कडेनं येरझाऱ्या घालत राहिली.

ती तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. केंद्रात तिच्याकडे गंधकाचं काम होतं. रसायनशास्त्रात विषमचक्रीय संयुगं म्हणून एक प्रचंड कुटुंब आहे. अणूंनी हात धरून केलेलं एक रिंगण समजा. रिंगणात सगळे कार्बन असले तर ते गरीब, सरळमार्गी. पण एखाद्या जागी नायट्रोजन आणून बसवा, दुसऱ्या जागी गंधक, की रिंगणाला स्वभाव येतो. नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉनांची एक जोडी मोकळी असते, ती लोखंडासारखा धातू दिसला की त्याला धरते. गंधक अंगानं मोठा आणि सैल, तो जिथं बसतो तिथं जागा करून घेतो. निसर्गाला हे आपल्या फार आधीपासून ठाऊक आहे. बी-एक जीवनसत्त्वात असं रिंगण आहे, पेनिसिलिनमध्येही आहे. बुरशी मारायची तर तिच्या एका एन्झाइमच्या खळगीत लोखंडाचा अणू असतो, त्याला नायट्रोजननं जाऊन धरायचं. बुरशी शहाणी झाली की ती खळगीचा आकार बदलते. मग रिंगणाला गंधकाची शेपटी लावायची, म्हणजे ते दुसऱ्या बाजूनंही पकडतं. शरयूला नऊ अभिक्रियांची यादी करून बघायला दिली होती, त्यातली नववी नेमकी तशी शेपटी लावायची होती.

शेपटीसाठी लागायचं प्रोपाइल मरकॅप्टन. घरातला गॅस गळला की जो वास येतो तो गॅसचा नसतोच, त्यात मुद्दाम घातलेल्या याच्या भावंडाचा असतो. एक थेंब सांडला तर मजला रिकामा होतो. कुजक्या कांद्याचा तो वास कपड्यांतून ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं जायचा. केसांना ब्लीचिंग कोण लावणार? तिथे तो तीन दिवस मुक्काम करायचा. केंद्राच्या बसमध्ये शेवटचं बाक गंधकवाल्यांसाठी राखलेलं होतं. त्या दिवशी ज्यानं गंधक हाताळला, त्यानं मुकाट्यानं मागे जायचं आणि खिडकी उघडायची. कुणी चेष्टा करत नसे, कारण उद्या आपली पाळी.

बस समजून घ्यायची, पाहुणे घेत नसत. एक स्थळ पत्रिका जुळूनही मोडलं. दुसरं मोडलं तेव्हा मध्यस्थ बाईंनी आईच्या कानात कारण सांगितलं. मुलगी छान आहे हो, पण तिच्या केसांना कसलासा वास येतो. आई त्या रात्री जेवली नाही. शरयूला संताप आला होता, आणि त्याहून जास्त लाज वाटली होती.

तिसरं स्थळ टिपणिसांचं. रविवारी, सतरा फेब्रुवारीला पाहायला येणार होते. शनिवारी दुपारी तीन वाजता यादीतल्या आठ अभिक्रिया झाल्या होत्या, नववी बाकी होती, आणि यादी सोमवारी वर जायची होती. मरकॅप्टनच्या बाटलीकडे तिनं बराच वेळ पाहिलं. अशा गरम केलेल्या अभिक्रियांचं काळं डांबर होतं हे तिनं इतर ठिकाणी पाहिलेलं होतं. इथंही तेच होईल. झालंच असतं. तिनं वही उघडली, तीन ओळी लिहिल्या आणि हात धुऊन समोरच्या बसमध्ये पुढच्या बाकावर जाऊन बसली. उद्या कुणीतरी करून बघेलच, असं तिला वाटलं. कुणी केली नाही, कारण तिनं लिहिलं होतं.

मेघश्यामनं दुसऱ्या दिवशी दोनदा पोहे मागून घेतले आणि निघताना आईला सांगितलं, मला पसंत आहे.

निवृत्तीनंतर शरयू रोह्याच्या कॉलेजात आठवड्यातून दोनदा मुलांना हातकाम शिकवायची. पारखीच्या काळात हातानं अभिक्रिया करणं म्हणजे पाट्यावर वाटण वाटण्यासारखंच झालं होतं, तरी अभ्यासक्रमात ते होतं. शुक्रवारी दुपारी तिनं मुलांना लवकर सोडलं, धूर ओढणारं कपाट सुरू केलं आणि तेहेतीस वर्षं राहिलेलं काम हातात घेतलं.

तीन तास गरम केल्यावर चंबूच्या तळाशी काळा चिकटा जमला होता.

तिनं तो उजेडाकडे धरला आणि तिला आनंद झाला. म्हणजे लिहिलं होतं तेच होतं. करून लिहिलं नव्हतं एवढंच. मग आपला नवरा मरणार आहे हे आठवून त्या आनंदाची तिला एवढी शरम वाटली की ती स्टुलावर बसली आणि रडली.

चंबू धुवायला घेतला तेव्हा ती थबकली. कुजक्या कांद्याचा वास येत नव्हता. अभिक्रिया झालीच नसती तर न वापरलेलं मरकॅप्टन चंबूत तसंच असतं, आणि मग रोह्याच्या बाजारपेठेपर्यंत कळलं असतं. इथं येत होता तो करपलेल्या खोबऱ्यासारखा मंद वास. म्हणजे मरकॅप्टन खर्ची पडलं होतं. शेपटी लागली होती, आणि एवढ्या उष्णतेत रेणू पुन्हा मोडला होता. थंडीत केलं तर टिकेल. त्या शनिवारी तिनं खरोखर प्रयोग केला असता, तर हे तिच्या नाकाला तेव्हाच कळलं असतं. वह्यांमध्ये वासाचा रकाना नव्हता, आणि पारखीला नाक नव्हतं.

उणे चाळीस अंशांत, हवा न लागू देता, थेंबाथेंबानं करायला मात्र पारखीचे हातच हवेत. तिनं तिथूनच केंद्राकडे मागणी पाठवली. उत्तर मिनिटाच्या आत आलं.

"या मार्गावर विश्वसनीय नकार नोंदलेला आहे. नोंद: श. प्रधान. मागणी अमान्य."

शनिवारी सकाळी ती हृषीकेशच्या केबिनमध्ये होती. तो तिच्या हाताखाली शिकला होता. पहिल्या दिवशी त्यानं नायट्रिक आम्लानं बोटं पिवळी करून घेतली, तेव्हा नळाखाली हात धरला होता तो तिनं. आता केस पिकले तरी तो तिला ताईच म्हणायचा.

तिनं सगळं सांगितलं. कांदेपोह्यांसकट. तो ऐकून घेत राहिला, मग उठून त्यानं दार लावलं.

"ताई, तुम्हाला विद्रावकात पाणी शिरलं होतं असं नाही का आठवत?"

"नाही शिरलं. बाटलीच उघडली नव्हती मी."

"माझं ऐका. चूक आणि खोटं यांत पारखी फरक करते. पाणी शिरलं, अभिक्रिया बिघडली, ही चूक. चुकीला ती दोन गुण कापते आणि मार्ग मोकळा करते. आत्ता लिहिलंत तर संध्याकाळपर्यंत रेणू हातात. उद्या काकांना पहिला डोस."

"आणि खोटं म्हटलं तर?"

हृषीकेशनं चष्मा काढला. "मग तुमच्या अकराशे त्रेचाळीस नोंदी गोठतात. सगळ्या. समिती बसते, तुमची साक्ष होते, काही नोंदी ती स्वतः करून बघते. तीन दिवस तरी. शिवाय मुलांचं क्षयाचं सिरप. ते तुमच्या दोनशे बारा नोंदींवर उभं आहे. तीनशे मुलं चाचणीत आहेत. सगळं तपासून होईपर्यंत चाळीस दिवस ते बंद. ती मुलं परत सुयांवर जाणार. त्या सुयांनी एखाद्याचे कान जातात, तुम्हाला ठाऊक आहे."

शरयू खिडकीशी गेली. परत खुर्चीशी आली. पुन्हा खिडकीशी गेली.

तिला मेघश्याम हवा होता. तिच्या मनात त्या क्षणी दुसरं काहीच नव्हतं. तीन दिवस म्हणजे डॉ. परकारांच्या आठातले तीन. एक ओळ लिहायची, पाणी शिरलं होतं. कुणाचं वाईट व्हायचं नव्हतं. तीनशे मुलांचं सिरप चालू राहणार, नवरा वाचणार, शालही राहणार.

"ती ओळ लिहिली की पारखी काय शिकेल?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"ती माझं ऐकते ना. शहाण्णव गुण उरले तरी ऐकेलच. ती शिकेल की या कुळाला पाणी चालत नाही. मग या फांदीवर जिथं जिथं पाणी वापरावं लागतं, ते सगळं ती पडीक करून टाकेल. हो की नाही?"

हृषीकेशनं चष्मा परत डोळ्यांवर चढवला. त्याला तिनंच शिकवलं होतं, त्यामुळे उत्तर त्याला ठाऊक होतं.

"एक पडीक तुकडा सोडवायला दुसरा पाडायचा," ती म्हणाली. "त्यात पुढे कोण अडकेल, ते तुला दिसतंय का? मला नाही दिसत. मागच्या वेळीही नव्हतं दिसलं."

"ताई, झाकली मूठ सव्वा लाखाची असते. हे हात दाखवून अवलक्षण आहे." त्याचा आवाज चढला. "त्या तीनशे मुलांच्या आयांना मी काय सांगू? आमच्या ताईंना या वयात खरं बोलायची हुक्की आली म्हणून? काकांना विचारलंत का?"

"ते बेशुद्धीत आहेत कालपासून."

"मग त्यांच्या वतीनं तुम्ही ठरवणार."

"हो," शरयू म्हणाली. "फॉर्म दे."

कारणाच्या रकान्यात तिनं लिहिलं: प्रयोग केला नव्हता. नोंद खोटी होती. सही करून ती बाहेर पडली तेव्हा हृषीकेश दारापर्यंत आला नाही. आजवर तो फाटकापर्यंत यायचा.

ते तीन दिवस कसे गेले हे तिला नंतर कधी नीट सांगता आलं नाही. समितीपुढं ती दोनदा बसली. प्रश्न यंत्राचे होते आणि ते विचारणारी माणसं खाली मान घालून विचारत होती. त्याच महिन्यात आणखी काय खोटं लिहिलं? काही नाही. त्याच वर्षी? नाही. कशावरून? कशावरूनच नाही. तिचा भरवसा अठ्ठ्याण्णववरून चौतीसवर आला. सिरपची चाचणी थांबल्याची बातमी तिनं इस्पितळाच्या बाहेरच्या पडद्यावर पाहिली. मेघश्यामच्या ओठांचा रंग बदलला होता. ती जिना चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. डॉ. परकारांनी एकदा तिला धरून बसवलं आणि हातात लिंबू सरबत दिलं, ते तिनं घेतलं आणि परत उठली. आपण चुकलो, संध्याकाळपर्यंत रेणू हातात असता, हे एकच वाक्य तिच्या डोक्यात चालू होतं.

मंगळवारी दुपारी पारखीनं तो राखाडी तुकडा मोकळा केला. उणे चाळीस अंशांत अकरा मिनिटांत रेणू तयार झाला. तिचा मूळ रेणू आणि त्याची सात भावंडं. मेघश्यामच्या फुप्फुसातली बुरशी बशीत वाढवलेली होती, तिच्यावर आठही टाकले. बुधवारी सकाळी पाचव्याभोवती रुपयाएवढं स्वच्छ वर्तुळ दिसलं. एकाच रुग्णासाठी तातडीची परवानगी देणारा कायदा होताच. मेघश्यामला अर्धवट शुद्ध होती. पन्नास पानांच्या संमतीपत्रावर त्यानं दाखवलं तिथं सही केली. आपल्याकडे संमतीपत्र वाचून सही करणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

तो जगला. हे टांगून ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून लगेच सांगतो. चौथ्या दिवशी ताप उतरला, सातव्या दिवशी मुखवटा निघाला, आणि दहाव्या दिवशी त्यानं चष्मा मागितला, वर्तमानपत्र मागितलं, इस्पितळात कागदी वर्तमानपत्र येत नाही म्हणून कुरकुर केली आणि हाताला लागलं ते वाचायला घेतलं. हाताला लागलं होतं ते संमतीपत्र.

शरयू डबा घेऊन आली तेव्हा तो सहाव्या पानावर होता. औषध कुठून आलं, कुणी बनवलं, कुठं अडलं, हे सगळं रुग्णाच्या भाषेत छापायचं बंधन होतं. त्या पानाला जन्मकथा म्हणत.

"सोळा फेब्रुवारी दोन हजार आठ," मेघश्याम म्हणाला. "दुसऱ्या दिवशी मी तुमच्याकडे आलो होतो."

ती डबा हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"वासासाठी?"

"हो."

"मला काही वाटलं नसतं."

"तुमच्या आईंना वाटलं असतं."

त्यानं विचार केला. खोटं बोलून बायकोला बरं वाटावं असा त्याचा स्वभाव नव्हता, आयुष्यभर त्यानं लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या. "आई नको म्हणाली असती," तो म्हणाला. "आणि मी आईचं ऐकलं असतं."

"म्हणजे मी लिहिलं ते बरोबरच केलं, असं म्हणताय का?"

"तसं नाही म्हणत." त्याला धाप लागली, तो थांबला. "आपलं लग्न त्यावर उभं आहे एवढंच म्हणतोय. मला चांगलं गेलं ते सगळं. तुला?"

"मलाही," ती म्हणाली, आणि तिला हुंदका आला.

त्यानं तिला रडू दिलं. मग पान उलटून दाखवलं. "इथं लिहिलंय की ही बुरशी सहा वर्षांपासून आहे. म्हणजे माझ्या आधी बाकीचे होते."

"हो."

"किती?"

शरयूनं डबा खाली ठेवला. हृषीकेश तिच्याशी त्या शनिवारनंतर बोलला नव्हता. चार दिवसांपूर्वी मात्र त्यानं एक फाइल पाठवली होती. सोबत एक ओळ नाही, ताई नाही, काही नाही. त्या बुरशीनं गेलेल्या लोकांचे नमुने सरकारी शीतपेटीत साठवलेले असतात. पारखीनं त्या सगळ्यांवर नवा रेणू टाकून पाहिला होता. कुणाकुणाची बुरशी त्यानं मेली असती, त्याची ती यादी होती. तिनं फाइल उघडली नव्हती. दिवसातून दहा वेळा फोन हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची.

"यादी आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "मी पाहिली नाही."

"पाहा."

"काय होणार आहे पाहून? कुणी परत येणार आहे?"

"नाही." तो उशीला टेकला. "पण मी त्यांच्यातला एक होतो. मला ऐकायची आहे. मोठ्यानं वाच."

तिनं खुर्ची ओढली. फाइल उघडायला तीनदा बोट लावावं लागलं, कारण बोट ओलं होतं. नावं झाकलेली होती. एका ओळीत एक माणूस, वय आणि गाव. वर एकूण लिहिलं होतं, एकशे सत्त्याऐंशी.

"वय एकतीस, जुन्नर," तिनं वाचलं. "वय अठ्ठावन्न, इस्लामपूर. वय चव्वेचाळीस, दिंडोरी." ती थांबली. "वय नऊ, श्रीवर्धन."

मेघश्यामनं डोळे मिटले होते. त्याला झोप लागली असेल असं वाटून तिनं फोन खाली घेतला.

"पुढे," तो म्हणाला.

तिनं पुढचं वाचलं.